पॅव्हेलियनबाहेरचा चहा

१५ मार्च २०२५. ब्रेबॉर्नवर महिला प्रीमियर लीगची फायनल. मुंबईच्या १४९ धावांचा पाठलाग करताना दिल्लीचा डाव गडगडला होता, पण मारिझान कॅप ऐकायला तयार नव्हती. २६ चेंडूंत ४० करून तिनं सामना जवळजवळ हिसकावलाच होता. तेवढ्यात नॅट सिव्हर-ब्रंटनं तिला बाद केलं, पुढच्याच चेंडूवर आणखी एक विकेट काढली आणि आमचे मामा, वय वर्षं बहात्तर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेले, सोफ्यावरून ताडकन उठले. मुंबई ८ धावांनी जिंकली. नंतर गप्पांच्या ओघात माझ्या मुलानं सांगितलं, की नॅटचं लग्न इंग्लंडची जुनी फास्ट बोलर कॅथरिन ब्रंटशी झालंय, आणि कॅपचं दक्षिण आफ्रिकेची माजी कर्णधार डेन व्हान नीकर्कशी. मामा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "असेल बाबा. बोलिंग काय टाकली पण!" इथवर ठीक होतं. पाच मिनिटांनी मात्र त्यांना राहवेना. "त्यांच्याकडं चालतं. आपल्या रोहित-विराटच्या टीममध्ये असलं काही नको. आणि असलाच कुणी, तर खेळावं आणि गप्प बसावं. सांगायचं कशाला?" त्यावर मुलगा उसळला, "उलट सांगायलाच पाहिजे. एकानं तरी हिंमत दाखवायला हवी!"

हा वाद आमच्या दिवाणखान्यापुरता नाही. समलिंगी खेळाडूंचा विषय निघाला की तो हमखास याच दोन रुळांवरून धावतो: एक म्हणतो, सांगू नये, दुसरा म्हणतो, सांगावं. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघांचीही बोटं त्या खेळाडूकडेच आहेत. एकाला त्याचं मौन हवंय, दुसऱ्याला त्याचं शौर्य. दोघांपैकी कुणीही त्याच्या आजूबाजूच्या दहाजणांकडे, कोचकडे, निवड समितीकडे, क्रिकेट बोर्डाकडे बघायला तयार नाही. माझं म्हणणं असं, की प्रश्न खेळाडूनं सांगण्या-न सांगण्याचा नाहीच. रोज खोटं न बोलता त्याला संघात राहता येतं का, हा आहे. आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी त्याची नाही, संघ चालवणाऱ्यांची आहे.

मामांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. खासगी ते खासगी. कुणाच्या अंथरुणात डोकावण्याचा हक्क प्रेक्षकाला नाही, पत्रकाराला नाही आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही नाही. जस्टिन फॅशनूचं काय झालं ते आठवावं. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला १० लाख पौंड मोजून घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तो समलिंगी लोकांच्या बारमध्ये जातो हे कानावर आल्यावर मॅनेजर ब्रायन क्लफनं त्याला सरावाला यायलाच बंदी केली. १९९० मध्ये त्यानं स्वतःच सांगितलेली त्याची कहाणी एका खपाऊ दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकली; सख्ख्या भावानं, जो स्वतः नावाजलेला फुटबॉलपटू होता, त्याला जाहीरपणे झिडकारलं. मे १९९८ मध्ये लंडनमध्ये त्यानं आयुष्य संपवलं. शेवटच्या दिवसांत त्याच्यावर अमेरिकेत एक गंभीर आरोपही झाला होता, तेव्हा त्याच्या शेवटाचं एकच कारण सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तो बोलल्यानंतर किती काळ कुणी बोललं नाही, ते पाहा. ब्रिटनमधल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना 'मी समलिंगी आहे' असं सांगणारा पुढचा खेळाडू, ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स, उगवला मे २०२२ मध्ये. मधली साधारण बत्तीस वर्षं इंग्लंडात एकही समलिंगी फुटबॉलपटू जन्माला आला नाही, असं मानायचं का? तेव्हा 'हिंमत दाखवा' म्हणणाऱ्या माझ्या मुलाला मी एवढंच सांगेन, की फॅशनूपाशी हिंमत कमी नव्हती.

पण 'खासगी ते खासगी' हा नियम खेळात कधी कुणी पाळलाय? १३ डिसेंबर २०१७ ला मोहालीत रोहितनं नाबाद २०८ केल्या. त्या दिवशी त्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. द्विशतक झाल्यावर त्यानं बोटातल्या अंगठीचं चुंबन घेतलं, कॅमेरा रितिकाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर स्थिरावला, आणि अख्ख्या देशाचा ऊर भरून आला. पुढच्या वर्षी एजबॅस्टनला विराटनं गळ्यातल्या साखळीत ओवलेली लग्नाची अंगठी ओठांना लावली. 'खेळावं आणि गप्प बसावं' असं तेव्हा मामा म्हणाले नव्हते. उलट मामींना हाक मारून रिप्ले दाखवला होता. जानेवारी २०२५ मध्ये बीसीसीआयनं नियम आणला, की पंचेचाळीस दिवसांहून मोठ्या परदेश दौऱ्यातच कुटुंबीयांना सोबत राहता येईल, आणि तेही दोन आठवड्यांपुरतं. विराटनं त्यावर उघड नाराजी दाखवली. सामना हरल्यावर खोलीत एकट्यानं कुढत बसायचं कुणाला आवडेल, असा त्याचा एकंदर सूर होता. मला तो शंभर टक्के पटला. पण मग सांगा, ज्याचं माणूस त्या 'कुटुंबीय' शब्दात बसतच नाही, त्यानं हरल्यावर कुठं जायचं? खेळाडूचं घर, बायको, पोरं, साखरपुडा, हे सगळं आपण खेळाचाच भाग म्हणून चघळतो. खासगीपणाची आठवण आपल्याला एकाच प्रकारच्या प्रेमाच्या वेळी होते.

इथं मला माझ्या कांगा लीगच्या दिवसांतला एकजण आठवतो. नव्वदचं दशक, पावसाळी मैदान, गळका तंबू. आमच्या क्लबात एक फास्ट बोलर होता, ओल्या विकेटवर दोन्हीकडे चेंडू हलवणारा. मॅच संपली की आम्ही सगळे भुर्जी-पाव खायला जायचो. हा किटबॅग उचलून थेट स्टेशनवर. 'काय रे, लग्न झाल्यासारखा पळतोस?' अशी सुरुवात व्हायची आणि मग गाडी ठरलेल्या स्टेशनांवरून जायची: पोरगी पाहिली का, आवडत नाहीत का, की 'तसला' आहेस? एका रविवारी त्यानं पाकीट उघडून पासपोर्ट साइजचा फोटो दाखवला. कोल्हापूरची आहे म्हणाला, पुढच्या वर्षी उरकायचं. पाकीट तंबूभर फिरलं. मीही बघितलं, मीही शिट्टी मारली. पुढचा मोसमभर चेष्टा थांबली, पण आता तिच्याबद्दलचे प्रश्न सुरू झाले आणि त्याला उत्तरं रचत बसावं लागलं. तिचं शिक्षण एकदा बी.कॉम. होतं, एकदा डी.एड. चोविसाव्या वर्षी त्यानं क्रिकेट सोडलं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की फोटो मामेबहिणीचा होता. त्याची गोष्ट सांगितली ती कीव यावी म्हणून नाही. बोलर म्हणून तो आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर होता, आणि त्याच्या डोक्यातली निम्मी जागा आम्ही एका फोटोला द्यायला लावली. 'गप्प बसावं' म्हणणं सोपं आहे. पण तंबूत गप्प बसता येत नाही. तिथं एक तर सांगावं लागतं, नाही तर खोटं बोलावं लागतं.

"खेळाशी मतलब ठेवा" हा सल्ला किती जुना आहे, हे पुणेकरांना तरी सांगायची गरज पडू नये. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, धारवाडला जन्मलेले, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये पगारावर खेळपट्टीची देखभाल करणारे. तिथले साहेब त्यांना नेटमध्ये तासन् तास बोलिंग टाकायला लावत, हातात बॅट मात्र देत नसत. पुढं पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, आणि असा डावखुरा फिरकी बोलर दुसरा नव्हता. मग सवर्ण खेळाडूंनी तोड काढली. मैदानात चेंडू एकच. बाळूंनी टाकलेला सगळ्यांनी शिवायचा. पण चहाच्या वेळी सगळे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. १९११ मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि १०० हून अधिक बळी घेऊन आले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद तरीही त्यांच्या वाट्याला कधीच आलं नाही. ते मिळालं धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि तेही भावांनी आधी जाहीरपणे भांडण मांडल्यावर. 'आम्हाला त्याच्या विकेटांशी मतलब' असं म्हणणारे त्या काळातही स्वतःला उदारच समजत होते.

जात आणि लैंगिकता एकाच तागडीत तोलू नयेत, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. अस्पृश्यतेनं पिढ्यान् पिढ्यांचं पाणी, जमीन, अक्षर तोडलं. तिची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. फरक आणखीही एक आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाळूंना आपली जात लपवता येत नव्हती. समलिंगी खेळाडूला स्वतःला लपवता येतं. वरवर बघता ही सवलत वाटते, पण सगळी कोंडी याच सवलतीत आहे. लपवता येतं म्हणून लपवावं अशी अपेक्षा तयार होते. आणि तो लपवतो म्हणून 'आमच्याकडे असले नाहीतच' असं छातीठोक सांगता येतं. आजवर एकाही भारतीय आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटपटूनं आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलेलं नाही. याचा अर्थ तसा कुणी झालाच नाही असा काढणं म्हणजे बंद तंबूत नजर न टाकताच आत कुणी नाही म्हणण्यासारखं आहे. बाळूंचा चहा निदान दिसायचा तरी. कुणीतरी तो पाहून लाजलं असेल. इथं माणूस आत, सगळ्यांच्या शेजारी बसून चहा पितो, आणि तरीही बाहेरच असतो.

दुसरा गंभीर आक्षेप संघभावनेचा. ड्रेसिंग रूम म्हणजे ऑफिस नव्हे. तिथं कपडे बदलतात, आंघोळी होतात, महिनोन् महिने एकत्र राहावं लागतं. सहकाऱ्यांना अवघडलेपण वाटलं तर? वाटेल. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अवघडलेपण हा पुरावा कधीपासून झाला? १९४७ च्या वसंतात ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघातल्या काही गोऱ्या खेळाडूंना कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनच्या शेजारी बसायचं इतकं अवघड वाटलं, की त्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज फिरवला. मॅनेजर लिओ ड्युरोशरनं त्यांना मध्यरात्री उठवून झापलं. समतेवर व्याख्यान दिलं नाही. एवढंच सांगितलं, की हा खेळणार, कारण हा आपल्याला जिंकून देणार आणि तुमच्या खिशात पैसे टाकणार. मला हा प्रसंग त्यातल्या रोखठोकपणासाठी आवडतो. खेळाडूंची मनं बदलेपर्यंत ड्युरोशर थांबला नाही. क्रिकेटमधलं उदाहरण इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याचं. २०१०-११ च्या ॲशेस दौऱ्याआधी त्यानं कोच अँडी फ्लॉवरला आणि संघातल्या सहकाऱ्यांना आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. जगाला सांगितलं नंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये. इंग्लंडनं ती मालिका ऑस्ट्रेलियात जाऊन ३-१ अशी जिंकली. डेव्हिसमुळे जिंकली असं मी म्हणणार नाही, तो कसोटी खेळलाही नाही. पण ड्रेसिंग रूम कोसळली नाही, हे तर खरं? आणि सगळ्यात कठीण परीक्षा बघायची असेल, तर व्हान नीकर्क आणि कॅप यांच्याकडे बघा. एक कर्णधार, दुसरी तिची मुख्य बोलर, २०१८ पासून कायद्यानं जोडीदार, आणि दोघी एकाच संघात. बहिणीचा नवरा किंवा मुलगा संघात असला की आपल्याकडे निवडीवर काय काय बोललं जातं ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांनाही ते चुकलं नसणार. तरी संघ चालला.

तिसरा आक्षेप सद्सद्विवेकाचा, आणि इथं मी आमच्या पुरोगामी मित्रांना नाराज करणार आहे. जुलै २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅनली या रग्बी लीग क्लबनं समलिंगींना पाठिंबा म्हणून इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी काढली. सात खेळाडूंनी धार्मिक कारणावरून ती घालायला नकार दिला आणि ते सामन्याला मुकले. मॅनली हरलं. खेळाडूंना विश्वासात न घेताच जर्सी ठरवली होती, अशी कबुली कोचला द्यावी लागली. माझ्या मते चूक क्लबची होती. माणसाच्या अंगावर त्याच्या श्रद्धेविरुद्धचं चिन्ह चढवणं, मग ते चिन्ह मला कितीही प्रिय असो, हे बळजबरीच आहे. आणि ज्याच्या भल्यासाठी ती केली त्याचं त्यातून एक पैचंही भलं होत नाही. गंमत म्हणजे हेच ते मॅनली, जिथं खेळताना इयन रॉबर्ट्सनं १९९५ मध्येच आपण समलिंगी असल्याचं उघड केलं होतं. तेव्हा जर्सी साधीच होती. श्रद्धेचं स्वातंत्र्य मला मान्य आहे, पण त्याची हद्दही ठरलेली असावी: जर्सी घालायला नाही म्हण, मिरवणुकीत येऊ नकोस, मनात काय मानायचं ते मान. पण त्याला पास दे. त्याच्याशी बोल. त्याच्या नावानं तंबूत शेरे मारू नकोस. कामाच्या जागी एवढीच अपेक्षा असते, आणि व्यावसायिक खेळ हे काम आहे, पगार घेऊन केलेलं.

(या वादात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर खेळाडूंचे प्रश्न एकाच पातेल्यात ढवळायची एक खोड आहे. कुणी कुठल्या गटात खेळावं हा वेगळा प्रश्न, त्याला शरीरशास्त्राची बाजू आहे, आणि तो वेगळाच सोडवावा लागेल. ज्याचं मन पुरुषावर जडतं त्या पुरुषानं पुरुषांच्या संघात खेळण्यात शरीरशास्त्राचा काय संबंध?)

राहता राहिला तो 'आपला समाज अजून तयार नाही'. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समाज कुठंतरी ग्रीनरूममध्ये मेकअप करत बसलाय असं वाटायला लागतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा काढून टाकला. मे २०१९ मध्ये ओडिशातल्या विणकराच्या घरातली धावपटू द्युती चंद उभी राहिली आणि म्हणाली, माझं एका मुलीवर प्रेम आहे. विरोध झाला तो आधी तिच्या स्वतःच्या घरातून. दोनच महिन्यांत नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं १०० मीटरचं सोनं घेतलं. पण द्युतीच्या बाजूला एक गोष्ट होती जी क्रिकेटपटूकडे नाही: घड्याळ. ११.३२ सेकंद म्हणजे ११.३२, त्यात कुणाच्या मताला वाव नाही. संघाच्या खेळात अकरा नावं माणसं निवडतात, बंद खोलीत. 'टेंपरमेंट', 'संघात मिसळतो का', 'ग्रुपमध्ये बसत नाही', हे शब्द तिथं चालतात आणि त्यांच्याआड काहीही लपतं. म्हणून वैयक्तिक खेळांत माणसं बोलतात आणि सांघिक खेळांत, त्यातही पुरुषांच्या, जिभा टाळूला चिकटतात. जर्मनीचंच बघा. तिथला समाज तयार नाही, असं कोण म्हणेल? तिथं १७ मे २०२४ ला समलिंगी फुटबॉलपटूंनी एकत्रितपणे पुढं यावं, अशी हाक माजी खेळाडू मार्कुस उर्बान यानं दिली. बुंडेसलिगा या तिथल्या वरिष्ठ लीगमधला एकही खेळता खेळाडू आला नाही. समाज तयार होता. पुढच्या शनिवारी नाव यादीत असेल का, याची खात्री मात्र कुणी दिली नव्हती.

तेव्हा मला पहिल्या भारतीय समलिंगी क्रिकेटपटूची वाट बघण्यात रस नाही. मला बोर्डाच्या कागदांत रस आहे. दौऱ्यावर सोबत कोण येऊ शकतं त्या नियमात 'जोडीदार' म्हणजे समलिंगी जोडीदारही, असं ठामपणे लिहिता येतं. त्यासाठी विवाहाच्या कायद्याची गरज नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेवर सोडला असला तरी हॉटेलची खोली देणं बोर्डाच्याच हातात आहे. वर्णद्वेषी शेरेबाजीला शिक्षा होते, तीच कलमं या शेऱ्यांनाही लागू आहेत, हे करारात स्पष्ट लिहिता येतं. एकदा लिहिलं की ते चौदा वर्षांखालच्या शिबिरापर्यंत पोचवता येतं. यातलं काहीही करायला कुणी कॅमेऱ्यासमोर उभं राहून हृदय उघडायची गरज नाही. आणि हे सगळं झाल्यावरही कुणी बोललंच नाही, तरी हरकत नाही. तो गप्प राहिला तर आपल्या मर्जीनं गप्प राहिला, एवढं पुरे.

परवा सकाळी मैदानावर फिरायला गेलो होतो. नेटमध्ये दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा आखूड चेंडूला घाबरून मागं सरला. कोच ओरडला, "बांगड्या भरल्यास का रे?" बाकीची पोरं फिदीफिदी हसली. पोरानं, खरंच, एकदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मी जाळीपाशी गेलो आणि कोचला हळूच म्हटलं, "अशानं काय होतं, सांगू का?" तो तिशीतला, सज्जन मुलगा आहे, मला ओळखतो. हसून म्हणाला, "काका, तुम्हीपण हेच ऐकत मोठे झालात ना? काय बिघडलं?" मला ते पाकीट आठवलं. पण पोरं कान देऊन ऐकत होती, म्हणून मी ओव्हर संपायची वाट बघत जाळीला टेकून उभा राहिलो.